कॅम्परचं इंजिन बांधायला घेतलंय, पुन्हा ऑइल गळू नये म्हणून काय काय बघू?

भुईबावडा (शनिवार, रात्री १०:५०)

मंडळी, नमस्कार. आमच्याकडं मामांची फोक्सवॅगन कॅम्पर आहे. १९७३ ची, पुढं एकच मोठी काच असलेली. १६०० सीसी, मागं हवेवर थंड होणारं इंजिन. मामांनी ती गोव्यात मायदेशी परत निघालेल्या एका माणसाकडनं घेतली होती. आत घडीचा पलंग, छोटं सिंक, पडदे, सगळं अजून शाबूत आहे. लहानपणी आम्ही सहा भावंडं तिच्यातनं आंबोलीला जायचो. मामा दर दोन तासांनी थांबून ऑइल ओतायचे आणि म्हणायचे, "गळतंय म्हणजे आत आहे."

मागं एकदा इंजिन बांधून घेतलं होतं. सहा महिन्यांत सगळीकडनं पाझरायला लागलं आणि गाडी शेडमध्ये गेली. शेडच्या फरशीवर आता महाराष्ट्राचा नकाशा तयार झालाय, त्यात कोकणपट्टी जरा जास्तच रुंद आहे.

या उन्हाळ्यात मी आणि चुलतभावानं इंजिन उतरवून पूर्ण खोललं. क्रँककेसचे (इंजिनाच्या मुख्य खोक्याचे) दोन्ही अर्धे टेबलावर पडलेत, दोन्हीवर लाल सिलिकॉनचा थर. पिस्टन-रिंगा नवीन घेतल्यात, गॅस्केटचा किट मागवलाय. पाठीचं काम झालंय, त्यामुळं हे पुन्हा खोलायची ताकद नाही. कुठनं कुठनं गळतं आणि बांधतानाच काय काळजी घ्यायची, सांगा.

गंगावेश_गडी (शनिवार, रात्री ११:१५)

नाद खुळा भावा! फोटो टाक की.

माझं मत: सिलिकॉन चांगलं जाड चोपड. आमच्या शेतावरच्या पाच हॉर्सपॉवरच्या ऑइल इंजिनला मी सगळ्या झाकणांना तेच लावलंय. एक थेंब नाही.

लेथवाली (रविवार, सकाळी ७:३०)

गंगावेश, तुमचं ऑइल इंजिन बिडाचं. त्याची झाकणं म्हणजे नुसती झाकणं, काढली काय आणि लावली काय. या गाडीची क्रँककेस उभी दोन तुकड्यांत आहे आणि त्या दोन तुकड्यांच्या मधे क्रँक (पिस्टन फिरवतात तो मुख्य दांडा) आणि कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) दोन्ही बसतात. जोडाला गॅस्केट नाहीच. दोन्ही तोंडं मशिन केलेली असतात आणि धातूला धातू भिडतो. मधे जाड काही घातलंत तर बेअरिंगचं घर तेवढं मोठं होतं, बेअरिंगवरची पकड सुटते, ऑइलचं प्रेशर पडतं. गळती थांबवायला गेलात आणि इंजिन घालवलंत.

शिरोलीत आमच्या शॉपवर असाच एक इंजिनचा अर्धा आला होता. खालची जाळी काढून बघितली तर तिच्यात लाल गांडुळं. जोडातनं आत दाबलं गेलेलं सिलिकॉन वाळून तुटतं आणि ऑइलबरोबर फिरत फिरत जाळीवर जाऊन बसतं. अर्धी जाळी बंद होती. भुईबावडा, तुमचीही जाळी आधी बघा.

भुईबावडा (रविवार, सकाळी ९:०५)

ताई, बघितली. गांडुळं आहेत. 🙏 चमचाभर निघाली.

उद्यमनगर_फिटर (रविवार, दुपारी १:४०)

पोरांनो, मी आता काम बंद केलंय, डोळ्यानं दिसत नाही नीट. पण अशा तीन गाड्या मी हातानं बांधल्यात म्हणून लिहितो. नातू टाइप करालाय, चुका असल्या तर त्याच्या.

पहिलं म्हणजे धुणं. ती केस मॅग्नेशियमची आहे, मऊ असते. लोखंडी पटाशीनं खरवडायचं नाही. रॉकेलात भिजवायची, लाकडाच्या नाहीतर प्लास्टिकच्या पट्टीनं सिलिकॉन काढायचं. कोपऱ्यात राहिलं तर पुन्हा भिजवायची, घाई नाही. हेडं ॲल्युमिनियमची आहेत, ती कुणी कॉस्टिकच्या टाकीत टाकतो म्हणाला तर त्याला नमस्कार करून परत यायचं. कॉस्टिक ॲल्युमिनियम खातं. आणि मॅग्नेशियमचा बारीक किस कुठं पेटला तर पाणी मारायचं नाही, कोरडी वाळू टाकायची. हे आधी सांगतो कारण नंतर सांगायला वेळ मिळत नाही.

दुसरं, तोंडं. दोन्ही अर्ध्यांच्या तोंडावर बोट फिरवायचं, नख अडकतंय का बघायचं. मागल्या मिस्त्रीनं स्क्रू ड्रायव्हर घालून केस उघडली असणार, तिथं ओरखडा असतो. ओरखडा वर आलेला असेल तर तेलाच्या दगडानं फक्त तेवढाच उंचवटा घासायचा. अख्खं तोंड घासत बसायचं नाही.

तिसरं, लावायचं काय. विमानाच्या इंजिनाला वापरतात तसलं तपकिरी, न वाळणारं सीलंट मिळतं, ब्रशवालं. त्याचा पातळ हात. वर्तमानपत्रावरची अक्षरं खालनं दिसतील इतका पातळ. बेअरिंगच्या घरात आणि ऑइलच्या भोकात एक ठिपकासुद्धा जाता कामा नये.

पुणेरी_ठिपका (रविवार, दुपारी ३:२०)

काका, अतिशय उपयुक्त माहिती. एक भर घालतो. मधल्या सहा जाड स्टडना (१२ मिमीचे, क्रँकच्या आजूबाजूला असतात ते) बुडाशी बारीक रबरी रिंगा असतात. किटमध्ये त्या इतक्या लहान असतात की पाकीट झटकताना हरवतात. त्या राहिल्या तर ऑइल स्टडच्या कडेनं चढून नटाखालून बाहेर येतं आणि आपण जोड गळतोय म्हणून डोकं धरून बसतो.

नटांचे आकडे: १२ मिमीचे साधे नट असतील तर ३४ न्यूटन-मीटर. प्लास्टिकची रिंग असलेले सीलिंग नट असतील तर २५ पुरे, रिंग केसच्या बाजूला. कडेचे ८ मिमीचे सगळे २०. आधी मधले, मग कडेचे. आणि प्रत्येक टप्प्यावर क्रँक हातानं फिरवून बघा, अडकला तर थांबा.

(पुण्यात या गाड्या कमी गळतात असं माझं निरीक्षण आहे. बहुधा त्या चालवतच नाहीत.)

गंगावेश_गडी (रविवार, दुपारी ३:३१)

पुणेकरानं स्वतःवर विनोद केला, तारीख लिहून ठेवा.

उद्यमनगर_फिटर (रविवार, सायंकाळी ६:१०)

कॅमच्या टोकाला, फ्लायव्हीलच्या (क्रँकच्या टोकावरच्या जड चाकाच्या) बाजूला, एक गोल टोपण असतं. दोन अर्ध्यांच्या मधे बसतं. ते विसरायचं नाही, त्याच्या कडेला सगळीकडनं सीलंट लावायचं. मी एकदा विसरलो. १९८४ ची गोष्ट. अख्खं इंजिन बांधलं, चढवलं, चालू केलं आणि बेल हाउसिंगमधनं (फ्लायव्हीलभोवतीच्या खोळीतनं) धार. मालक शेजारी चहा पीत उभा. पुन्हा उतरवून, पुन्हा दोन तुकडे. त्या दिवशीपासनं टोपण मी शर्टाच्या खिशात ठेवतो. केस बंद करताना खिसा जड लागला तर थांबायचं.

लेथवाली (सोमवार, सकाळी ८:००)

काका 😄

फ्लायव्हीलकडची बाजू मी सांगते, ते आमचं काम. मोठं ऑइल सील फ्लायव्हीलच्या नळीवर घासतं. जुन्या सीलनं तिथं चर पाडलेला असतो. बोट फिरवलं की लागतो. तो किती खोल आहे ते बघून दोन मार्ग आहेत: नवीन सील थोडं आत-बाहेर बसवून चराच्या शेजारच्या कोऱ्या जागेवर आणायचं, नाहीतर लेथवर नळी पॉलिश करायची. पॉलिश करताना एमरी पेपर आडवा सरकवायचा नाही, एका जागी धरायचा. सरकवला तर नळीवर स्क्रूसारखे सूक्ष्म आटे पडतात आणि तेच आटे फिरताना ऑइल बाहेर ओढतात. नवीन सील, चकचकीत नळी, तरी गळतंय अशी जी तक्रार येते, त्यात बऱ्याचदा हेच असतं.

फ्लायव्हीलच्या आत क्रँकच्या तोंडाशी एक ओ-रिंग असते, ती नवीनच घाला. आणि सील लावायच्या आधी क्रँकचा पुढंमागं खेळ मोजा. तीन पातळ शिम (चकत्या) असतात, तीनच, दोन किंवा चार नाहीत. खेळ ०.०७ ते ०.१३ मिमी. डायल गेज नसेल तर शॉपवर घेऊन या, मोजून देते. पैसे नाहीत, गाडीतनं एक चक्कर.

भुईबावडा (सोमवार, रात्री ९:४५)

ताई, चक्कर पक्की. पण फ्लायव्हीलचा तो मधला मोठा नट, ३६ मिमीचा, त्याला ३०० न्यूटन-मीटर लिहिलंय. माझा टॉर्क पाना २०० ला संपतो. काय करू?

उद्यमनगर_फिटर (सोमवार, रात्री १०:३०)

३०० म्हणजे जुन्या भाषेत ३० किलो-मीटर. एक मीटर लांबीच्या पाइपाच्या टोकाला ३० किलो. आता तू कोल्हापूरचा आहेस, ३० किलोचं वजन कुठं मिळतं हे मी सांगायला पाहिजे का? मार्केट यार्डात जा, गुळाचा एक रवा उचलून आण. पाइप जमिनीला सरळ आडवा पाहिजे, फ्लायव्हील घट्ट अडकवलेलं पाहिजे, रवा दोरीनं टोकाला टांगायचा. दोनदा टांग, पाइपाची जागा बदलून. पाइपाचं स्वतःचं वजन धरून जरा अलीकडं टांगलास तरी चालेल.

मग रवा घरी ने. आईला सांग काम झालं म्हणून.

पुणेरी_ठिपका (सोमवार, रात्री १०:५८)

हे मी कुठल्याही वर्कशॉप मॅन्युअलमध्ये वाचलेलं नाही आणि गणित बरोबर आहे.

मिरजेचा_बस (मंगळवार, दुपारी १२:१५)

आमच्याकडंही अशीच एक आहे, थोडी आधीची. वरच्या गोष्टी सगळ्या बरोबर. मला सगळ्यात जास्त छळलं ते पुशरॉडच्या (कॅमकडनं व्हॉल्व्हकडं ढकलणाऱ्या दांड्यांच्या) नळ्यांनी. इंजिनाखाली आठ नळ्या, दोन्ही टोकांना कोंबडीच्या गळ्यासारख्या वळ्या. दोन्हीकडं रबरी सील, म्हणजे एकूण १६ जागा. जुनी नळी दबलेली असते, ती तशीच बसवली तर सील चेपतच नाही. हातानं हळूच ओढून लांब करायची, साधारण १९० ते १९१ मिमी. आठही सारख्या. आणि नळीला उभा जोड असतो, तो वरच्या बाजूला ठेवायचा. जोड फुटला तरी ऑइल खाली साचतं, वरनं गळत नाही. गंजलेली असेल तर ओढताना वळीला चीर जाते, मग नवीनच घ्या.

टॅपेटच्या झाकणाचं कॉर्क गॅस्केट फक्त झाकणाला चिकटवा. हेडच्या बाजूला ग्रीसचा हात. म्हणजे टॅपेट बघायला झाकण काढलं तरी गॅस्केट फाटत नाही.

गंगावेश_गडी (मंगळवार, दुपारी १२:४०)

आणि खालची चकती? जाळीवाली? तिला तरी सिलिकॉन?

मिरजेचा_बस (मंगळवार, दुपारी १:०५)

नाही हो! जाळीच्या वर एक, खाली एक, दोन पातळ कागदी गॅस्केट. सहा नट, प्रत्येकाखाली तांब्याचा वॉशर. आणि ७ न्यूटन-मीटर. सात. सगळे तिथं जोर काढतात. चकती नटाजवळ चेपते, दोन नटांच्या मधे फुगते आणि तिथनंच गळायला लागतं. मग माणूस आणखी आवळतो. चकती वाकली असेल तर सपाट दगडावर ठेवून हातोडीनं सरळ करा.

ऑइल २.५ लिटरच. मामांच्या हाताला सवय असेल तर तीन ओततील. जास्तीचं क्रँक फेटतो आणि ते बाहेरच येतं.

लेथवाली (मंगळवार, दुपारी ४:२०)

ऑइल पंपाच्या झाकणावर गिअरनं गोल ओरखडे पाडलेले असतील. जाड काचेवर एमरी पेपर चिकटवून, रॉकेल टाकून, आठाच्या आकारात घासा. पाच मिनिटांचं काम.

भुईबावडा (तीन आठवड्यांनी, रविवार, रात्री ११:२०)

चालू झालं!!! 🎉

रवा टांगून नट आवळला, शेजारपाजारची पोरं बघायला जमली होती. कॅमचं टोपण खिशात ठेवलं होतं, काका, खिसा जड लागला म्हणून आठवलं. खोटं नाही सांगत. वीस मिनिटं चालवलं, खाली पांढरा पुठ्ठा ठेवला, पुठ्ठा कोरा. आईनं दृष्ट काढली.

गंगावेश_गडी (रविवार, रात्री ११:२२)

जगात भारी!

भुईबावडा (बुधवार, रात्री ८:३०)

दृष्ट नीट निघाली नाही. आज पन्हाळ्याला जाऊन आलो. चढ छान चढली. घरी येऊन पुठ्ठा ठेवला तर डावीकडं तीन थेंब, मग पाच, मग मोजणं सोडलं. खाली वाकून बघितलं. तीन नंबर सिलिंडरच्या पुशरॉडच्या नळ्या ओल्या. मिरजेचा बस यांनी सांगितल्याप्रमाणं १९० वर ओढल्या होत्या, जोड वर. तरी. आता हेड काढून नळ्या बदलायच्या का?

मिरजेचा_बस (बुधवार, रात्री ८:५५)

मापात असतील तर एवढ्यात गळायला नको. एखादं सील दुमडलं असेल. हेड काढावं लागणार असं दिसतंय, वाईट वाटतंय.

पुणेरी_ठिपका (बुधवार, रात्री ९:१०)

ब्रीदरची (इंजिनाच्या आतली हवा बाहेर सोडणारी) नळी मोकळी आहे ना? आत दाब साचला तर चांगली सीलसुद्धा पाझरतात. नवीन रिंगा अजून बसलेल्या नसतील.

उद्यमनगर_फिटर (बुधवार, रात्री ९:५०)

कुणी काही काढायचं नाही. ब्रीदर बघ, ते ठिपकेवाले बरोबर बोलले. पण वीस मिनिटं कोरं आणि घाट चढल्यावर ओलं, म्हणजे जिथं दाबाचं गरम ऑइल जातं तिथनं येतंय. नळ्यांत दाब नसतो, तिथनं ऑइल नुसतं परत वाहतं.

ऑइल खाली येतं, वर जात नाही. जिथं ओलं दिसतं तिथनं वर बघायचं. तीन नंबरच्या वर काय आहे?

इंजिन थंड झालं की डावी बाजू रॉकेलनं धू, कापडानं कोरडी कर. आईच्या कपाटातली टाल्कम पावडर घे आणि सगळीकडं भुरभुरव. पत्र्याच्या फटीतनं वरपर्यंत फुंकून घाल. इंजिन चालू करून जरा तापू दे, मग बंद कर आणि बॅटरीच्या उजेडात बघ. पावडर पहिल्यांदा जिथं पिवळी होईल तिथं गळतंय.

भुईबावडा (गुरुवार, रात्री १०:४०)

काका, पाय कुठं आहेत तुमचे.

नळ्यांची सील पांढरीशुभ्र. ओघळ वरनं येतोय, पत्र्याच्या आतनं. प्रेशर स्विच पण कोरडा. ऑइल कूलरच्या बुडाशी पावडरीचा चिखल झालाय.

लेथवाली (शुक्रवार, सकाळी ७:५०)

कूलरखाली कुठली सील घातलीत? किटमध्ये दोन-तीन जोड्या येतात. जुन्या इंजिनांना भोक ८ मिमीचं, नंतरच्यांना १० चं, आणि एक पायरीवाली जोडी असते, एकीकडं ८ आणि एकीकडं १० असेल तर. चुकीची जोडी बसते, नट आवळले जातात, सगळं ठीक वाटतं. ऑइल तापून पातळ झालं आणि वेग वाढला की मग सुटते.

भुईबावडा (शुक्रवार, सकाळी ८:१५)

किटच्या पाकिटात उरलेल्या दोन जोड्या आत्ता बघितल्या. एक पायरीवाली, एक १० ची. म्हणजे मी ८ ची घातली. चुलतभाऊ म्हणालावता "ह्या जरा बारक्या वाटत्यात". मी म्हणालो तू गप पाना धर.

गंगावेश_गडी (शुक्रवार, सकाळी ८:२०)

त्याला तांबडा-पांढरा खायला घाल आज.

मिरजेचा_बस (शुक्रवार, सकाळी ९:३०)

बघा, मी हेड काढायला लावत होतो. आमच्या गाडीला मी दोनदा नळ्या बदलल्यात, दोन्ही वेळा डाव्या बाजूच्याच. आज घरी जाऊन पावडर टाकतो.

भुईबावडा (दुसऱ्या रविवारी, सायंकाळी ७:००)

कूलरसाठी पंख्याचा पत्रा काढावा लागतो आणि त्यासाठी इंजिन पुन्हा खाली घेतलं. यावेळी दोघांनी दीड तासात. मागचा आडवा पट्टा, गिअरबॉक्सचे चार बोल्ट, वायरी, केबल. जुनी सील काढली तर एका बाजूला चपटी, एका बाजूला तशीच गोल. १० ची जोडी बसवली, तीन नट सारखे आवळले. पुन्हा पन्हाळा, पुन्हा पुठ्ठा. डावी बाजू कोरडी.

आता फक्त मागं, पुलीच्या खाली, दोन दिवसांत एक थेंब. तिथलं सील कुठलं बदलायचं?

उद्यमनगर_फिटर (रविवार, रात्री ८:२०)

तिथं सीलच नाही. पुलीच्या नळीवर उलटे आटे कापलेत, ते ऑइल आत ढकलतात, आणि आत एक चकती असते ती ऑइल झटकते. इंजिन बंद झालं की आटे थांबतात, मग एखादा थेंब येतो. दोन दिवसांत एक चालतोय. वाढला तर ब्रीदर आणि रिंगा बघ.

पुणेरी_ठिपका (रविवार, रात्री ८:४५)

त्या पुलीला सील बसवायचा किट मिळतो, वाळूत चालणाऱ्या बगीसाठी बनवलेला. केस थोडी मशिन करावी लागते.

लेथवाली (रविवार, रात्री ९:०५)

करून देईन, पण केस पुन्हा उघडायची असेल तरच. एका थेंबासाठी नको. चक्कर कधी?

भुईबावडा (रविवार, रात्री ९:१२)

ताई, येत्या शनिवारी. काकांनाही घेऊन जाऊ, नातू येणार असेल तर त्यालाही. दसऱ्याला चौकात छत्रपती घराण्याची मेबॅक गाडी बघायला जातो तेव्हा ही पण नेईन म्हणतो, लांब उभी करून. मामांना आज फोनवर सांगितलं की आता फक्त एक थेंब पडतो. ते म्हणाले, "मग ऑइल बघायला थांबायचं कुठं?"